कच्चे पिकअप

संथ गाण्याचं दुसरं कडवं नुकतं सुरू झालं होतं, तेवढ्यात गिटार किंचाळली.

हॉलमध्ये जेवणारी माणसं चमचे हातात तसेच धरून स्टेजकडे बघायला लागली. कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाची मेजवानी होती. उत्सवमूर्ती नवरा-बायको मधोमध हळूहळू नाचत होते, ते दचकून थांबले. गायकाने गाणं सोडलं नाही, पण मान वळवून असं काही पाहिलं की भिंगदादांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी तारांवर तळवा दाबला, अ‍ॅम्पकडे पाठ केली आणि आवाजाचं बटण खाली फिरवलं. वर्षानुवर्षं ते हेच करत आले होते. गिटार गप्प बसली. उरलेलं गाणं मग त्यांनी इतकं हळू वाजवलं की न वाजवल्यातच जमा.

भिंगदादा हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. फिरत्या दगडावर पाण्याची धार धरायची, फ्रेमच्या मापाने काचेची कड घासायची आणि काच अलगद बसवायची. तारुण्यापासून त्यांनी हेच केलं. नखांतली पांढरी पूड आंघोळीनेही जायची नाही. बँडमधल्या पोरांनी त्यांना हे नाव दिलं. पोरं म्हणायचं आपलं, त्यातल्या ड्रमवाल्याला तर चांगलं टक्कल पडलं होतं. चौघं मिळून शनिवार-रविवारच्या संध्याकाळी लोकांच्या समारंभांत वाजवायचे. समारंभ लोकांचे, घाम ह्यांचा आणि जेवण मागच्या दाराशी उभ्याउभ्या.

गिटार स्वस्तातली होती. तिच्यावरचं नाव घाईत पाहणाऱ्याला एखाद्या बड्या कंपनीचं वाटावं अशा बेताने लिहिलेलं होतं. लाकूड हलकं, रंग लालभडक, खुंट्या ढिल्या. भिंगदादांनी घासून-पुसून, पिळून-आवळून तिला माणसांत आणलं होतं. पण पिकअपपुढे त्यांचे हात टेकले. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेल्या दोन पट्ट्या. आत चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. वरची तार हलली की पिकअपला ते कळतं आणि अ‍ॅम्पमधून सूर येतो. चांगला पिकअप फक्त तारांचं ऐकतो. ह्या गिटारीचे पिकअप सगळ्या गावाचं ऐकायचे. लाकडावर नुसती टिचकी मारली तरी अ‍ॅम्पमधून ठो व्हायचं, आणि आवाज वाढवला की अ‍ॅम्पचाच आवाज परत त्यांच्यात शिरून ही अशी किंकाळी उठायची.

सामान आवरताना गायक जवळ आला. तो बँकेत कॅशियर होता आणि गातानासुद्धा नीटनेटका गायचा.

“दादा, रागावू नका हं,” त्याने एक लहानसा खोका पुढे केला. “आम्ही तिघांनी मिळून घेतलंय तुमच्यासाठी.”

खोक्यात नवे पिकअप होते. काळे, चकचकीत, आणि हातात घेतल्यावर जड.

“अरे, हे कशाला...” भिंगदादा पुटपुटले.

“कशाला म्हणजे? त्या बयेला आता नवं नरडं बसवा,” ड्रमवाला म्हणाला. “नाहीतर एक दिवस लोक आपल्याला ताटासकट बाहेर काढतील.”

“पुढच्या शनिवारी मोठं काम आलंय, दादा,” गायक म्हणाला. “तोवर बसवून घ्या. नाहीतर...” नाहीतर काय, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

“बघू,” भिंगदादा म्हणाले.

“बघू काय बघू? चष्मा लावा आणि बघा!” ड्रमवाला म्हणाला आणि सगळे हसले. भिंगदादाही हसले.

त्यांना ते पिकअप हवे होते, हे लपवण्यात काही अर्थ नाही. वाद्यांच्या दुकानासमोर उभं राहून त्यांनी दुसऱ्यांच्या गिटारी ऐकलेल्या होत्या. तो भरीव, गोल सूर त्यांच्या कानात दिवसचे दिवस राहायचा. आपण खरोखर कसं वाजवतो हे आपल्याला अजून कळलेलंच नाही, असं त्यांना वाटायचं. आणि तरीही ते “बघू” म्हणाले, ह्याचं कारण घरी होतं.

वहिनी, म्हणजे भिंगदादांची बायको, लग्नाआधीपासून त्यांच्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर कामाला होत्या. वर डोळ्यांचा दवाखाना. पेशंटना नंबरवार हाका मारून आत सोडणं हे वहिनींचं काम. आवाज असा खणखणीत की डोळ्यांत औषध घालून डुलक्या काढणारे म्हातारे नंबर नसतानाही उभे राहायचे. तो आवाज जिन्यावरून खाली यायचा आणि घासण्याच्या दगडाच्या घरघरीवर मात करून भिंगदादांपर्यंत पोचायचा. भिंगदादा आधी आवाजाच्या प्रेमात पडले, चेहरा त्यांनी नंतर पाहिला.

लग्नानंतर संसार दोन खोल्यांत, त्यातली एक खोली सासूबाईंची. संध्याकाळी भिंगदादा अ‍ॅम्प लावून सराव करत बसले की त्यांना जेवायच्या हाका ऐकू यायच्या नाहीत. एकदा वहिनी हाका मारून कंटाळल्या. तरातरा आल्या, नवऱ्याच्या मांडीवरच्या गिटारीवर वाकल्या, तारांना ओठ लागतील इतकं तोंड जवळ नेलं आणि ओरडल्या, “ए, जेवायला ये!”

ते अ‍ॅम्पमधून आलं! पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं, तारांच्या झिणझिण्यांसकट, पण शब्द न् शब्द आला. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

“कोण रे आलंय?” आतून सासूबाईंनी विचारलं.

“मित्र आलाय, आई!”

“मग त्यालाही जेवायला बसव की.”

त्या दिवसापासून हा त्यांच्या घरचा रिवाजच झाला. समोरासमोर वहिनी नवऱ्याला कायम अहो-जाहो करायच्या. गिटारीतून मात्र सरळ अरे-तुरे. कुणी हटकलंच तर म्हणायच्या, “मी कुठं म्हटलं? गिटार म्हणाली.” रुसवे, टोमणे, लाडीगोडी, तोंडावर बोलायला जड जाईल ते सगळं त्या तारांपाशी बोलायच्या. सासूबाई गेल्या त्यानंतर भिंगदादा कित्येक दिवस गिटारीला हात लावत नव्हते. तेव्हा वहिनींनीच ती त्यांच्या मांडीवर आणून ठेवली आणि वाकून म्हटलं, “रड की रे एकदाचा.” मुलगी झाली, ती बोलायला लागली, तीही गिटारीत तोंड घालून पाढे म्हणायला शिकली. घरात तिला टिचकी म्हणायचे.

मग वहिनींचा आवाज बसला. आधी सगळ्यांना वाटलं सर्दी. काढे झाले, गुळण्या झाल्या. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की आवाजाच्या पडद्यांना हलवणाऱ्या नसाच मरत चालल्या आहेत. औषध नाही. आवाज हळूहळू पूर्ण जाईल, वर्षभर टिकला तरी खूप.

दवाखान्यात त्यांच्या जागी आकडे दाखवणारी दिव्यांची पाटी आली. दुकानात गेलं की लोक म्हणायचे, “मोठ्याने बोला ना बाई!” वहिनींनी दुकानात जाणं सोडलं, मग शेजारी जाणं सोडलं. डॉक्टरांनी एक यंत्र दिलं होतं, गळ्यापाशी माइक आणि कमरेला छोटा भोंगा. ते लावून त्या एकदा बाहेर पडल्या. कोपऱ्यावर त्यांनी रिक्षाला हाक मारली आणि वरच्या गॅलरीतून एक बाई आतल्या कुणाला तरी म्हणाली, “अगं, भंगारवाला आलाय, रद्दी आण.” वहिनींनी घरी येऊन यंत्र कपाटात टाकलं ते टाकलंच. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, ती आता घरातही मानेने आणि बोटांनी बोलायला लागली.

फक्त गिटारीची त्यांना लाज वाटायची नाही. त्या श्वासाइतकं हळू बोलायच्या आणि कच्चे पिकअप तेवढंही ऐकायचे. डब्यातलाच आवाज, पण तो त्यांना जुन्या थट्टेतला म्हणून ओळखीचा होता.

टिचकी नर्स होऊन लांबच्या देशात नोकरीला गेली होती. कराराची मुदत संपेपर्यंत तिला येता येणार नव्हतं, आणि ती संपेपर्यंत आईचा आवाज राहणार नव्हता. हे तिघांनाही माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नसे. तेव्हा फोन भिंतीला वायरीने बांधलेले होते, त्यांत चेहरे दिसत नसत. रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. भिंगदादा अ‍ॅम्प फोनपाशी ठेवायचे, किंचाळू नये म्हणून गिटार पार पलीकडे पलंगावर, वहिनींच्या मांडीत, आणि रिसीव्हर अ‍ॅम्पच्या तोंडाशी धरायचे.

“ए टिचके.”

“आई, तू डब्यातून बोलतेस गं!”

“डब्यातच आहे मी. झाकण लाव आणि झोप.”

मग तिकडे हसू, इकडे हसू. एकदा भिंगदादांनी सुचवलं की हे टेप करून ठेवू या. “मेल्यावर वाजवायला?” वहिनींनी गिटारीतून विचारलं. पुन्हा तो विषय निघाला नाही.

तर असं सगळं असताना भिंगदादांनी तो खोका कपाटावर मागे सरकवून ठेवला. पण वहिनींचा आवाज गेला असला तरी नजर शाबूत होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खोका काढून समोर ठेवला आणि गिटार जवळ ओढली.

“हे काय लपवलंस?”

भिंगदादांनी सांगितलं.

“मग बसवत का नाहीस? किती वर्षं त्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभा राहतोस!” मग जरा थांबून, “माझं येईल ना रे ह्यातून?”

आता इथे भिंगदादांनी कारागिराला विचारायला हवं होतं. ते काही त्यांनी केलं नाही. बायको गिटारीतून माझ्याशी बोलते, हे परक्या माणसाला कसं सांगायचं? त्यांनी आपल्याच धंद्यातला हिशेब लावला. काच जितकी चांगली, तितकं जास्त दिसतं. मग पिकअप जितका भारी, तितकं त्याला जास्त ऐकू येणार. हलक्या मालाला एवढं कळतं, तर ह्या मालाला किती कळेल! त्यांना तसं मनापासून वाटलं की तसं वाटायला हवं होतं म्हणून वाटलं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

“येईल म्हणजे काय, उलट जास्त स्वच्छ येईल,” ते म्हणाले. “डब्यातून बाहेर येशील तू.”

वहिनी खुदकन हसल्या. त्या हसण्याचाही अ‍ॅम्पमधून आवाज आला.

कारागिराचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. रेडिओ, अ‍ॅम्प, गिटारी, जे बिघडेल ते तो दुरुस्त करायचा. त्याने नवे पिकअप बसवले, टाके पक्के केले आणि जुने उलटसुलट करून पाहिले.

“एकदम कच्चा माल, दादा. कसे काढलेत दिवस ह्यांच्यावर? राहू देत माझ्याकडे, तार तरी कामाला येईल.”

“राहू दे,” भिंगदादा म्हणाले.

शनिवारी दुकानातून गिटार घेऊन भिंगदादा थेट त्या मोठ्या कामाला गेले. पहिल्याच गाण्यात भिंगदादांनी एक तार छेडली आणि स्वतःच चमकून गिटारीकडे पाहिलं. सूर भरून येत होता, थांबत होता, त्यांनी सोडेपर्यंत विरत नव्हता. आवाज कितीही वाढवा, किंकाळी नाही. संथ गाण्याच्या मधल्या जागेत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न घाबरता वाजवलं. हॉलमधली माणसं जेवणं थांबवून ऐकत होती आणि या वेळी दचकून नव्हे. शेवटी टाळ्या झाल्या त्या गायकासाठी नाहीत, हे कळायलाही त्यांना वेळ लागला. आपण बरं वाजवतो. चांगलं वाजवतो. उतारवयात माणसाला असं काही कळावं, ह्या आनंदात ते घरी आले.

वहिनी जाग्या होत्या. त्यांनी हातानेच विचारलं, कसं झालं? भिंगदादांनी अ‍ॅम्प लावला, गिटार त्यांच्या मांडीत दिली आणि म्हणाले, “आता बोल. बघ कसं स्वच्छ येतंय.”

वहिनी वाकल्या. त्यांचे ओठ हलले.

काहीही आलं नाही.

भिंगदादांनी आवाज वाढवला. वहिनी पुन्हा बोलल्या. त्यांच्या केसांची एक बट तारेला लागली, तिचा ‘टुण्’ असा सुरेख आवाज आला, त्यांच्या बोलण्याचा नाही. सगळी बटणं शेवटापर्यंत फिरवून झाली. नव्या पिकअपना फक्त तारांचं ऐकू येत होतं. चांगल्या पिकअपचं काम तेच होतं.

वहिनींनी गिटारीवर हात फिरवला, हसल्या आणि नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, “शहाणी झाली हो तुमची गिटार.” ते ‘तुमची’ भिंगदादांच्या काळजात रुतलं. टाळ्यांचा आनंद कुठल्या कुठे पळाला, आणि पुढे त्या टाळ्यांची आठवण आली की त्यांना चोरी केल्यासारखं वाटायचं.

रविवारी टिचकीचा फोन आला. वहिनींनी रिसीव्हर तोंडाला लावून पाहिला. लाइनमध्ये आधीच खरखर. “नुसता वारा येतोय, बाबा,” टिचकी म्हणाली. मग भिंगदादा मधे उभे राहून दोघींचं बोलणं इकडून तिकडे करायला लागले.

“आई विचारतेय, जेवलीस का?”

शेजारी बसलेल्या वहिनींनी नाही म्हणून मान हलवली. असं त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांनी काय विचारलं होतं ते भिंगदादांना नीट कळलं नव्हतं, आणि तिसऱ्यांदा विचारण्याची त्यांची हिंमत झाली नव्हती.

पुढच्या रविवारी वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी त्या फोन वाजला तरी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. टिचकीही “आईला दे” म्हणायची थांबली. “आईला सांग हं,” असं म्हणायला लागली, आई त्या घरात राहत नसून दुसरीकडे कुठे तरी राहते अशा बेताने. घर इतकं शांत झालं की नळाचं थेंब थेंब गळणं बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं. भिंगदादांना ती शांतता खायला उठायची. काच घासताना त्यांचा हात थांबायचा आणि मान आपोआप जिन्याकडे वळायची.

शेवटी एका संध्याकाळी ते म्हणाले, “जुने परत बसवून घेतो.”

वहिनींनी जोराने मान हलवली. जवळ आल्या. भिंगदादांना प्रत्येक शब्द ओठांवरून वेचावा लागला. “माझा... तर चाललाच आहे. तुमचा... का घालवता?”

“मला नको आवाज,” भिंगदादा म्हणाले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बायकोसमोर हुंदका देऊन रडले. “मला तो डबाच हवाय.”

जुने पिकअप म्हणजे पुन्हा किंकाळ्या, आणि किंकाळ्या म्हणजे बँड सुटला. त्यांनी गायकाला बँकेत जाऊन गाठलं आणि काउंटरच्या जाळीतून सांगितलं.

“दादा, असं काय करता? त्या दिवशी लोकांनी डोक्यावर घेतलं तुम्हाला!”

“कानाला जुनंच बरं वाटतं रे.”

“आमचं काही चुकलं का?”

“नाही रे बाबा. तुमचं कुणाचंच काही चुकलं नाही.” ते खरंच होतं. एखाद्याचं चुकलं असतं तर बरं झालं असतं, त्याच्यावर खापर तरी फोडता आलं असतं. भिंगदादांनी कुणाचं ऐकून घेतलं नाही. कुणाला कारणही सांगितलं नाही.

कारागिरालाही सांगितलं नाही. “जुने बसव परत,” एवढंच म्हणाले. कारागिराचा चेहरा उतरला. त्याने जुने पिकअप अजून मोडीत काढले नव्हते, हेच नशीब.

“माझ्या कामात खोट निघाली का, दादा?”

“छे छे. सवय झालीय जुन्याची. तू बसव. रविवारच्या आत दे म्हणजे झालं.”

त्या आठवड्यात भिंगदादांनी टिचकीला फोन करून सांगितलं, रविवारी आई बोलणार आहे. वहिनींनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून कुजबुजणंसुद्धा बंद केलं. घटाघटा कोमट पाणी प्यायच्या आणि गप्प राहायच्या. आवाज साठवत होत्या. चेहऱ्यावर मात्र गेल्या कित्येक आठवड्यांत नव्हती ती लगबग आली होती. काय बोलायचं ते मनाशी घोळवत असाव्यात, कारण भांडी घासताना त्यांचे ओठ हलताना भिंगदादांनी दोनदा पाहिलं.

कारागिराने रविवारी सकाळी ह्यांच्यासाठी मुद्दाम दुकान उघडलं. गिटार पुसूनबिसून तयार ठेवली होती. तेच जुने पिकअप, कडेला रंग उडालेले. भिंगदादांचा जीव भांड्यात पडला.

“बसा दादा, एक गंमत दाखवतो.” कारागिराने गिटार अ‍ॅम्पला जोडली, आवाज पार वर नेला आणि गिटार थेट अ‍ॅम्पच्या तोंडाशी धरली. किंकाळी आली नाही. साधी शिट्टीसुद्धा नाही. “बघा! म्हटलं, दादांचा जुन्यावर एवढा जीव आहे, तर पिकअपची खोडच मोडू. दोन्ही पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून काढले. वेटोळी आत ढिली होती ना, म्हणून ती सगळा गोंगाट पकडायची. आता मेण आत भिनून घट्ट झालं. आता फक्त तारा वाजणार. आणि पैशाचं नावसुद्धा काढू नका, माझ्याकडून आहे हे.”

भिंगदादा उठले. गिटारीवर वाकले आणि तारांपाशी तोंड नेऊन म्हणाले, “ए.” मग मोठ्याने, “ए!”

“काय करताय, दादा?”

“हे मेण काढता येईल?”

“काढायचं कशाला?”

“येईल का?”

“नाही हो. केसाएवढी तार आहे, काढायला गेलं की तुटणार. अन् तसले कच्चे पिकअप आता मिळतही नाहीत, सगळे कारखान्यातूनच मेण पिऊन येतात. पण झालं काय?”

मग भिंगदादांनी सांगितलं. उभ्याउभ्या, खाली बघत, जेवायच्या पहिल्या हाकेपासून आजच्या फोनपर्यंत सगळं सांगितलं. इतकी वर्षं जे सांगायची लाज वाटली ते सांगायला फार वेळ लागला नाही. कारागीर स्टुलावर बसला. त्याने अ‍ॅम्प बंद केला.

“आधी सांगायचं ना हो, दादा,” तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. “एका शब्दाने सांगायचं.”

घरी वहिनी तयार होऊन पलंगावर बसल्या होत्या. केस विंचरलेले, शेजारी पाण्याचा पेला. अ‍ॅम्प त्यांनी स्वतःच फोनपाशी नेऊन ठेवला होता. भिंगदादांना पाहताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले. रस्ताभर भिंगदादांनी वाक्यं जुळवली होती, ती सगळी त्या हातांपुढे वाया गेली. त्यांनी गिटार त्यांच्या हातात दिली, वायर जोडली आणि बटणं एक एक करून शेवटापर्यंत फिरवली. कारागीर चुकला असेल. एखाद्या कोपऱ्यात मेण गेलं नसेल. माणूस काय, कशावरही आशा ठेवतो.

फोन वाजला. भिंगदादांनी रिसीव्हर उचलून अ‍ॅम्पच्या तोंडाशी धरला.

वहिनी वाकल्या आणि बोलल्या. एक शब्द नव्हे, चांगलं लांबलचक वाक्य होतं ते, आठवडाभर घोळवलेलं. मधे एकदा त्या हसल्यादेखील. बोलून झाल्यावर त्यांनी अपेक्षेने वर पाहिलं. अ‍ॅम्पचा दिवा लाल जळत होता. खोलीत कसलाही आवाज नव्हता.

“हॅलो? बाबा, लाइन आहे ना?” टिचकी विचारत होती. “आई बोलली का?”

वहिनींनी भिंगदादांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. पुन्हा वाकून बघण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. भिंगदादा त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसले, त्यांच्या ओठांना कान लावला.

“सांग मला. मी सांगतो तिला. काय म्हणालीस?”

वहिनींनी प्रयत्न केला. नुसता ऊन श्वास कानावर आला. साठवलेला होता तेवढा त्या वाक्यात खर्च झाला होता.

त्यांनी गिटार बाजूला ठेवली, उठल्या आणि नवऱ्याच्या हातातून रिसीव्हर घेऊन आपल्या कानाला लावला.

“आई? तू आहेस का तिथे?”

वहिनींनी मान हलवली.

“आई, ऐकतेयस ना?”

वहिनींनी पुन्हा मान हलवली. तिकडे दिसायला हवी म्हणून की काय, चांगली मोठी, वरपासून खालपर्यंत. टिचकी विचारत राहिली आणि त्या प्रत्येक वेळी तशीच मान हलवत राहिल्या.